सिनेमाघरात चर्च भरले तर काय बिघडले?

लंडनमधील आपली मंडळी चार ठिकाणची चार एकत्र जमली आणि जुन्या चित्रपटगृहांचा विषय निघाला, की एक वाक्य हमखास ऐकू येते. "अरेरे, केवढे थोरले थिएटर ते, आणि आता तिथे चर्च भरते! त्यापेक्षा पाडून टाकले असते तर बरे." बोलणारा सज्जन असतो, त्याच्या हळहळण्यात खोट नसते. परंतु हे वाक्य इतक्या वेळा आणि इतक्या सहज उच्चारले जाते, की त्याला कोणीतरी उघड विरोध करणे आता आवश्यक झाले आहे. तो मी येथे करीत आहे. किलबर्न, ट्यूटिंग, इझलिंग्टन, वुलिच, फिन्सबरी पार्क या ठिकाणी जी भव्य चित्रपटगृहे आज उभी दिसतात, ती सिनेमावाल्यांनी राखलेली नाहीत. ती राखली बिंगो खेळणाऱ्या म्हाताऱ्या बायकांनी आणि रविवारी सकाळी भजन-प्रार्थनेला येणाऱ्या आफ्रिकन व कॅरिबियन कुटुंबांनी. सिनेमावाले केव्हाच पाठ फिरवून गेले होते.

या इमारती बांधल्या कोणी हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते, म्हणून आधी ते सांगतो. किलबर्न हाय रोडवरचे गोमाँ स्टेट २० डिसेंबर १९३७ रोजी उघडले. खुर्च्या ४,००४. वर सुमारे १२० फुटी मनोरा, न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीची आठवण करून देणारा. ‘स्टेट’ हे नावही तिथलेच. बाहेरून हा अमेरिकन थाट, आणि दार ओलांडून आत पाऊल टाकले की इटालियन राजवाडा: संगमरवरी वाटणारे खांब, जिने, झुंबरे. वास्तुशिल्पी जॉर्ज कोल्स. पैसा आणि हिंमत मात्र हायम्स बंधूंची. फिल, सिड आणि मिक. त्यांचे वडील रशियातून आलेले ज्यू, लंडनच्या पूर्व भागात स्टेप्नीला बेकरी चालविणारे. बेकरीवाल्याच्या या मुलांनी १९३० मध्ये एलिफंट अँड कॅसलला ट्रोकाडेरो बांधले, १९३३ मध्ये स्टेप्नीच्या कमर्शियल रोडवर ट्रॉक्सी बांधले आणि शेवटी हे किलबर्नचे. तिन्हींचा वास्तुशिल्पी कोल्सच. त्यांचा हिशेब साधा होता. तिकीट स्वस्त ठेवायचे, तर खुर्च्या हजारांनी हव्यात. आणि हजारो माणसे रोज यायची, तर घर असे हवे की त्यांना पुन्हा यावेसे वाटले पाहिजे.

ओडियन हे नाव तर आपल्या घरातल्या पोरांनाही ठाऊक आहे. ते ज्याने गावोगावी पोचविले तो ऑस्कर डॉइच बर्मिंगहॅमचा, भंगार धातूचा व्यापार करणाऱ्या हंगेरियन ज्यू गृहस्थाचा मुलगा. १९३० साली पेरी बार येथे त्याने ओडियन नावाचे पहिले चित्रपटगृह उघडले आणि पुढच्या सात वर्षांत ही संख्या अडीचशेच्या घरात नेली. हाच डॉइच बर्मिंगहॅमच्या सिंगर्स हिल सिनेगॉगच्या मंडळाचा अध्यक्षही होता. १९४१ साली तो गेला तेव्हा त्याचे वय अवघे ४८ होते. तिसरे नाव सिडनी बर्नस्टीन. याने आपल्या चित्रपटगृहांना ग्रॅनाडा हे नाव दिले, स्पेनमधील त्या सुंदर शहरावरून. स्पेनच्या ज्यूंना देशाबाहेर काढण्याचा हुकूम १४९२ मध्ये ज्या ग्रॅनाडात सही झाला, त्याच गावाचे नाव साडेचारशे वर्षांनी एका ज्यू माणसाने इंग्लंडच्या नाक्यानाक्यावर दिव्यांनी लिहिले, ही गोष्ट मला तरी गंमतीची वाटते. त्याच्या ट्यूटिंगच्या ग्रॅनाडाची आतील सजावट थिओडोर कोमिसार्जेव्हस्की या रशियन नाट्यदिग्दर्शकाने केली. गॉथिक कमानी, कोरीव छत, आरशांचे लांबलचक दालन. एखाद्या जुन्या कॅथीड्रलात शिरल्यासारखे वाटते. ते ७ सप्टेंबर १९३१ रोजी उघडले. त्याच वर्षी १४ मार्चला गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला होता आणि त्याचे लेखन आपल्या जोसेफ डेव्हिड पेणकरांचे होते. मुंबईत आपली माणसे पडद्याच्या आत शिरत होती, आणि इकडे दुसऱ्या मुलखातून आलेले आपलेच धर्मबंधू त्या पडद्याभोवतीचे घर बांधीत होते.

या घरांवर पहिल्यापासून एक आक्षेप आहे, आणि तो शिकल्या-सवरल्या लोकांचा आहे: हा सगळा खोटा डौल. दगड नाही, संगमरवर नाही. नुसता गिलावा आणि रंग. आक्षेपातील माहिती खरी आहे. ट्यूटिंगच्या कमानी दगडाच्या नाहीत. साच्यात गोणपाटाचे थर घालून त्यावर प्लास्टर ओतायचे, वाळले की तुकडा हलका आणि पातळ निघतो, आणि मग पोलादी कैच्यांना तारेने व प्लास्टरमध्ये भिजविलेल्या गोणपाटाच्या गाठींनी तो टांगायचा. म्हणजे आपण ज्याला छत म्हणून मान वर करून पाहतो ते खरे तर वरून टांगलेले असते. खरे काम पोलादाचे: एवढा मोठा सज्जा खाली एकही खांब न देता पुढे काढलेला असतो, कारण खांबामागे बसणाऱ्यानेही पैसे दिलेले असतात. बाहेरच्या फिकट चकचकीत फरशा केवळ शोभेच्या नाहीत. त्या काळी लंडनभर कोळशाचा धूर. दगड दहा वर्षांत काळा पडे. ही फरशी धुतली की पुन्हा नवी.

खोटा डौल म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न असा: तो डौल होता कोणासाठी? किलबर्नची आयरिश मजूर कुटुंबे, स्टेप्नीचे शिंपी, ट्यूटिंगच्या दुकानांतल्या मुली, यांच्या घरात झुंबर कधी लागणार होते? सहा-नऊ पेन्स टाकले की गणवेशातला डोअरकीपर दार उघडून धरी, पायाखाली गालिचा, हिवाळ्यात ऊब, आणि मध्यंतरात जमिनीतून वर येणारा ऑर्गन. खऱ्या राजवाड्यात या लोकांना मागच्या दाराने, आणि तेही कामाला, प्रवेश होता. मुंबईत मेट्रो, रीगल, ईरॉसच्या जिन्यावरून ज्यांनी पहिल्यांदा मॅटिनीला चढून पाहिले, त्यांना मी काय म्हणतो ते अधिक समजावून सांगायला नको.

आता सिनेमावाले पळाले म्हणजे काय ते आकड्यांतच पाहा. १९४६ साली ब्रिटनमध्ये चित्रपटांची १६३ कोटींहून अधिक तिकिटे खपली. १९८४ साली खपली ५ कोटी ४० लाख. मधे टेलिव्हिजन आला, मग व्हिडिओ. चार हजार खुर्च्यांच्या घरात चाळीस माणसे बसली तर दिव्याचेही पैसे सुटत नाहीत. एलिफंट अँड कॅसलचे ट्रोकाडेरो १९६३ मध्ये पाडले. मार्बल आर्चचे रीगल १९६४ मध्ये गेले. पाडणारे कोणी परधर्मी नव्हते; धंद्याचा हिशेब करणारे मालकच होते. ट्यूटिंगचा शेवटचा खेळ १९७३ साली झाला. तीन वर्षे घर बंद राहिले आणि १९७६ मध्ये तिथे बिंगो सुरू झाला. बिंगोला हजारो माणसे एका छताखाली बसावी लागतात, भिंती घालून चालत नाही, म्हणूनच ते दालन अखंड राहिले. आणि अखंड राहिले म्हणूनच २००० साली त्याला ग्रेड वन हा वारशाचा सर्वोच्च दर्जा मिळू शकला. हा मान मिळविणारे ते देशातले पहिले चित्रपटगृह. बिंगोला नाक मुरडणाऱ्यांनी ही दोन वाक्ये पुन्हा वाचावीत.

किलबर्नलाही बिंगोच होता, २००७ पर्यंत. त्यानंतर ती इमारत एका चर्चने घेतली. त्या चर्चचे नाव ‘रुआख’. आपल्या वाचकांना अर्थ सांगायला नको. तोराच्या पहिल्याच पानावर पाण्यावर घिरट्या घालणारा तो शब्द. ज्यू बेकरीवाल्याच्या मुलांनी बांधलेल्या घरावर सत्तर वर्षांनी हिब्रू शब्द लागला, आणि तो लावला कॅरिबियन-आफ्रिकन ख्रिस्ती मंडळींनी! हळहळणाऱ्या आपल्या मंडळींपैकी किती जणांनी पाटीवरचा तो शब्द नीट वाचला असेल कोण जाणे.

इझलिंग्टनच्या एसेक्स रोडवरचे कार्लटन, १९३० चे, हेही कोल्सचेच. त्याचे तोंड रंगीत इजिप्शियन देवळासारखे आहे. पेसाहच्या सुमारास त्यावरून जाताना माणसाला जरा चुकल्यासारखे व्हावे असे. तिथेही आधी बिंगो आणि मग चर्च. वुलिचला समोरासमोरची ओडियन आणि ग्रॅनाडा, दोन्ही १९३७ ची, दोन्हींत आज प्रार्थना चालते. फिन्सबरी पार्कचे अस्टोरिया, १९३० चे: आत रात्रीच्या आकाशाखाली वसलेल्या मूरिश गावाचा देखावा आणि प्रवेशदालनात कारंजे. पुढे त्याचे रेनबो नावाचे संगीतगृह झाले. तत्पूर्वी १९६७ साली जिमी हेंड्रिक्सने त्याच रंगमंचावर आपली गिटार पेटवून दिली होती. मग बरीच वर्षे ते बंद पडून होते. १९९५ पासून ते ब्राझीलमधून आलेल्या एका चर्चच्या हाती आहे, आणि ज्याने आत जाऊन पाहिले आहे त्याला कबूल करावे लागेल की त्यांनी ते चांगले दुरुस्त केले.

येथे मला कोणीतरी वॉल्थमस्टोचे उदाहरण तोंडावर फेकील, म्हणून ते मीच पुढे ठेवतो. तिथले ग्रॅनाडा १९३० चे, सजावट पुन्हा कोमिसार्जेव्हस्कीची. शेवटच्या काळात तिथे हिंदी चित्रपटही लागत. २००३ मध्ये ते बंद झाले, आणि फिन्सबरी पार्कच्याच त्या चर्चने ते विकत घेतले. गावकरी उठले, सभा भरविल्या, अर्जांवर सह्या केल्या आणि नगरपालिकेने चर्चला परवानगी नाकारली. २०१९ मध्ये नगरपालिकेने इमारत स्वतः घेतली आणि २०२५ मध्ये ती सोहो थिएटरची नाट्यशाळा म्हणून पुन्हा उघडली. तेव्हा, विरोध केला म्हणूनच वाचली की नाही? होय, वाचली. त्या गावकऱ्यांना माझा सलाम आहे. परंतु त्यांनी नुसते "चर्च नको" म्हटले नाही. "मग काय हवे" याचे उत्तर तयार ठेवले आणि त्यासाठी पुढची सोळा-सतरा वर्षे राबले. नकार देणारा माणूस एवढे करीत असेल तर त्याने खुशाल नकार द्यावा. आपल्या बैठकीतला नकार चहाबरोबर सुरू होतो आणि चहाबरोबरच संपतो.

साउथॉलची कथा आपल्याला आणखी जवळची. तिथे दोन घरे होती. द ग्रीनवरचे डोमिनियन १९३५ चे. साठीच्या दशकात ते इंडियन वर्कर्स असोसिएशनने घेतले, कामगारांच्या पैशांवर, आणि आठवडाभर कारखान्यात राबलेली माणसे सुट्टीच्या दिवशी बायकामुलांसह तिथे हिंदी चित्रपट पाहू लागली. सभा तिथे, पुढारी तिथे, गाणे तिथे. ४ जून १९७६ रोजी अठरा वर्षांच्या गुरदीप सिंग चग्गर याचा गोऱ्या टोळक्याने खून केला तो याच डोमिनियनच्या बाहेर. साउथॉलची तरुण मुले त्यानंतर रस्त्यावर उतरली. दुसरे घर साउथ रोडवरचे पॅलेस, १९२९ चे, कोल्सचेच: हिरव्या कौलांचे चिनी छप्पर, त्यावर ड्रॅगन. चिनी धर्तीचे ब्रिटनमध्ये उरलेले हे एकमेव चित्रपटगृह. सत्तरीच्या दशकात ते ‘लिबर्टी’ नावाने हिंदी चित्रपट दाखवी.

दोन्हींचे काय झाले? ऐंशीच्या दशकाच्या आरंभी व्हिडिओने दोन्हींचा धंदा बसविला. डोमिनियन पाडले आणि जागी समाजकेंद्र बांधले. ते लोकांच्या उपयोगी पडले, म्हणून मी तक्रार फार ताणीत नाही. पण एक लक्षात घ्या. कायद्याचे कवच मिळाले ते ड्रॅगनला. ज्या भिंतींनी आपल्यासारख्या स्थलांतरितांच्या आयुष्यातली वीस वर्षे पाहिली, त्या भिंतींना यादीत जागा नव्हती, कारण त्या पुरेशा चमत्कारिक दिसत नव्हत्या. आणि कवच मिळालेल्या पॅलेसचे तरी काय? बाजार भरला, मग दुरुस्ती होऊन २००१ मध्ये ‘हिमालय पॅलेस’ या नावाने तीन पडद्यांचे चित्रपटगृह झाले, २०१० मध्ये तेही बंद पडले, आणि आत पुन्हा बाजार. ड्रॅगन मात्र वर शाबूत. यादीतला दर्जा इमारत पडू देत नाही, इतकेच. तिच्यात माणसे आणून बसविणे त्याच्या हातात नाही.

माझा खरा राग चर्चवर नाही, बाजारावरही नाही. तो आहे ‘दर्शनी भिंत राखली’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांवर. केन्सिंग्टन हाय स्ट्रीटचे १९२६ चे चित्रपटगृह २०१५ मध्ये बंद झाले. पुढची भिंत टेकू देऊन उभी ठेवली आणि मागचे सगळे पाडून श्रीमंतांचे फ्लॅट बांधायला घेतले. हे राखणे नव्हे. मेलेल्या वाघाचे कातडे भिंतीवर लावून "आमच्याकडे वाघ आहे" म्हणण्यापैकी ते आहे. लेस्टर स्क्वेअरचे काळ्या ग्रॅनाइटचे ओडियन, डॉइचचे मुकुटरत्न, १९३७ साली दोन हजारांवर खुर्च्यांनी उघडले. १९६७ मध्ये सुधारणेच्या नावाखाली आतली मूळ सजावट बरीचशी खरवडून काढली, आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर उरल्या आठशेच्या आसपास खुर्च्या, पाय लांब करून पसरायच्या. मुंबईनेही हाच धडा गिरवला. २०१८ मध्ये युनेस्कोने मुंबईच्या आर्ट डेको इमारतींना जागतिक वारसा ठरविले, त्यात चर्चगेटचे ईरॉस आले. २०१७ पासून बंद असलेले ते घर २०२४ मध्ये पुन्हा उघडले, बाहेरून देखणे, जिना पूर्वीसारखा. पण १९३८ चे ते हजारावर माणसांचे दालन राहिले नाही. तिथे आता तीनशेच्या आसपास खुर्च्या आहेत. चित्रपट चालू, मालक खूष, वारसा सुरक्षित. फक्त हजार अनोळखी माणसांनी एकाच विनोदाला एकदम हसावे ही जी त्या घराची मूळ करामत, ती गेली. किलबर्नच्या चर्चमध्ये ती अजून आहे. तिथे ते "आमेन" म्हणतात एवढाच फरक.

म्हणून माझी कसोटी एकच. नव्या मालकाने दालन अखंड ठेवले आहे काय, आणि त्यात लोक जमतात काय? ठेवले असेल आणि जमत असतील, तर ते लोक कोणाची प्रार्थना करतात हे विचारण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

आणि ज्यूंनी तर ते मुळीच विचारू नये. लंडनच्या ब्रिक लेनवर एक इमारत आहे, १७४३ ची. फ्रान्समधून छळामुळे पळून आलेल्या ह्यूगनॉट लोकांनी ती आपले प्रार्थनाघर म्हणून बांधली. पुढे तिथे मेथडिस्ट आले. १८९८ मध्ये ती सिनेगॉग झाली आणि पूर्व युरोपातून आलेल्या आपल्या धर्मबंधूंनी तिथे पाऊणशे वर्षे प्रार्थना केली. ते लोक सुखवस्तू होऊन उत्तरेच्या उपनगरांत राहायला गेले, आणि १९७६ पासून तिथे बांगलादेशी मुसलमानांची मशीद आहे. १८९८ साली ह्यूगनॉटांच्या वंशजांनी "ज्यूंना देण्यापेक्षा पाडून टाका" म्हटले असते, तर आपण काय म्हटले असते?

आपले ऋषितुल्य गुरू या बाबतीत आपल्यापेक्षा व्यवहारी होते. मिश्नाच्या मेगिल्ला भागाच्या तिसऱ्या अध्यायात सिनेगॉग विकण्याचीच चर्चा आहे, चित्रपटगृहाची नव्हे! रब्बी मेईर म्हणतात, केव्हाही परत घेता येईल अशा अटीवरच विका. इतर गुरू म्हणतात, कायमचे विका, मात्र चार गोष्टींसाठी नको: स्नानगृह, चामडे कमावण्याची जागा, मिक्वे आणि धुण्याची जागा. म्हणजे नंतर तिथे काय व्हावे याचा विचार करूनच, अटी घालूनच, पण विका. आणि आपण काय करीत आहोत? कोकणात कित्येक ठिकाणी मिन्यानला दहा पुरुष जमणे दुरापास्त झाले आहे. अलिबागचे मागेन आबोथ १८४८ चे, १९१० मध्ये पुन्हा बांधलेले. तिथे निदान पाहुणे येतात, दिवा लागतो. इतर गावांची नावे मी घेत नाही, ज्यांची त्यांना माहीत आहेत. तिथल्या कुलपांच्या किल्ल्या लोद, अश्दोद, बेर-शेवा किंवा लंडनमधल्या एखाद्या कपाटात आहेत, आणि गावात शाळेला, वाचनालयाला जागा हवी असा निरोप आला की उत्तर ठरलेले: "आमच्या वाडवडिलांची पवित्र वास्तू! दुसरे काही चालणार नाही." छप्पर मात्र दर पावसाळ्यात थोडे थोडे खाली येते, त्याला चालते. सेफर तोरा सन्मानाने हलवा, हेखाल हलवा, करार करा, रब्बी मेईरांची अट घाला, नाव दारावर ठेवा, आणि कोणीतरी रोज झाडून काढील अशा हाती ती वास्तू द्या. शनिवारी लंडनच्या एखाद्या घरात किलबर्नच्या चर्चविषयी हळहळणे आणि त्याच वेळी हे कुलूप तसेच ठेवणे, या दोन गोष्टी एकाच तोंडाला शोभत नाहीत.

"पण जुने घर सांभाळायला पैसा लागतो," असे कोणी म्हणेल. लागतोच. १९ डिसेंबर २०१३ रोजी लंडनच्या अपोलो नाट्यगृहात खेळ चालू असताना छताचा भाग खाली कोसळला आणि सत्तर-ऐंशी माणसे जखमी झाली. छत टांगणाऱ्या त्याच गोणपाटाच्या गाठी शंभर वर्षांत कुजल्या होत्या. तेव्हापासून अशा प्रत्येक घराला वर चढून गाठ अन् गाठ तपासावी लागते. बंद घराच्या छतावर कोण चढणार? ज्याला रविवारी त्याखाली आपली मुलेबाळे बसवायची आहेत, तोच चढेल.

हायम्स बंधूंच्या स्टेप्नीच्या ट्रॉक्सीला हे सगळे एकाच जन्मात घडले. १९३३ मध्ये ‘किंग काँग’ने सुरुवात, १९६० मध्ये सिनेमा बंद, मग ऑपेरा गायकांचे प्रशिक्षणकेंद्र, मग बिंगो, आणि २००६ पासून जलसे, संगीताचे कार्यक्रम व लग्ने. पाडलेल्या ट्रोकाडेरोचा प्रचंड वुर्लिट्झर ऑर्गन हौशी मंडळींनी अनेक दशके सांभाळून, दुरुस्त करून अखेर याच घरात आणून बसविला. भावाभावांच्या एका घरातली वस्तू दुसऱ्या घरात आली. ज्यांना माझे म्हणणे पटत नाही त्यांनी एखाद्या शनिवारी, शब्बाथ उतरल्यावर, कमर्शियल रोडवर जाऊन उभे राहावे. सिल्हेटच्या एखाद्या कुटुंबाचे लग्न असले तर मोटारींची रांग दूरवर लागलेली असते, जरीच्या साड्या सावरीत बायका उतरतात, आणि दारावरचा माणूस दोन्ही कवाडे उघडून धरतो.